स्तानाआजीचं विरजण

सोफिया, २० मे १९५७

आत्या,

पोचले, खोली मिळाली, खिडकीतून डोंगर दिसतो. आपल्यासारखा नाही, पण आहे.

पहिले आठ दिवस प्रयोगशाळेत मी काय केलं असेल? भांडी घासली. विद्यापीठाची पदवी घेऊन काचेच्या नळ्या, काचेच्या बश्या, काचेच्या बाटल्या. आधी साबणानं, मग साध्या पाण्यानं, मग उकळून गार केलेल्या पाण्यानं, मग वाफेच्या बंद हंड्यात. आमच्या प्रमुख डॉक्टर तोपालोवा म्हणजे सरळ रेषेत चालणारी बाई. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "ज्याला भांडं नीट घासता येत नाही त्याला जीवाणू दिसत नाहीत, स्वतःची घाण दिसते."

आता कामाचं. रोदोपीच्या डोंगरभागासाठी नवी मोठी डेअरी उभी राहतेय. तिच्या दह्यासाठी मूळ विरजण आमच्या प्रयोगशाळेनं निवडून द्यायचं आहे. चाळीस गावांतून मडकी मागवली आहेत. प्रत्येक मडक्यातून दह्याचा जीवाणू एकटा वेगळा काढायचा, पारखायचा, आणि जो सगळ्यांत सरस ठरेल तो संस्थेत कायमचा जपायचा. त्याच्यापुढे वहीत ज्या घरचं विरजण त्या घराचं नाव लागेल. आणि ज्याच्या हातून तो जीवाणू वेगळा होईल, त्याची नोकरी पक्की. माझी नोकरी ऑगस्टअखेरपर्यंत कच्ची आहे. नाही जमलं तर मी परत तुझ्याच अंगणात लोकर विंचरत बसणार.

म्हणून लाज सोडून मागते. स्तानाआजीचं विरजण पाठव. नव्वद वर्षं न मोडलेलं दही दुसऱ्या कुणाच्या घरात आहे?

केराकाकूशी अजून अबोलाच आहे का?

तुझी नेदा

—

द्र्यानदोल, २८ मे

नेदे,

भांडी घासलीस हे वाचून काळजाला गारवा मिळाला. बावीस वर्षं मी घसा फोडला तेव्हा घासली नाहीस. या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, आमच्या घरी आला असतात तर पोरगी आधीच सुधारली असती.

मडकं पाठवलंय. बसचा ड्रायव्हर प्लोव्दिवला तुझ्या बापाच्या मित्राकडे देईल, तो गाडीत बसवून देईल. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलंय, वर सुती फडकं बांधलंय. मडकं हिरवं आहे, आपलं तपकिरी फुटलं. आतल्या मालाशी मतलब.

आणि मागताना लाज कसली सोडतेस? अभिमानानं माग. माझ्या आजीनं हे विरजण माहेरून आणलं, आईनं पन्नास वर्षं सांभाळलं. दुष्काळ पाहिला, दोन लढाया पाहिल्या, दही एका दिवसासाठी मोडलं नाही. सुरीनं कापावं असं दही. चाळीस मडकी येऊ देत नाहीतर चारशे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

केराचं नाव काढू नकोस. तुझ्या आजीच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, सगळ्या बायकांसमोर, माझ्या हातचं दही चाखून ही बया काय म्हणाली माहितीय ना? "हे स्तानाआजीचं दही नाही." उकडलेल्या गव्हाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. सहा वर्षं झाली. अशा बाईशी काय बोलायचं?

पण मला एक कळत नाही. एवढं शिकून दह्यात बघण्यासारखं असतं काय?

आत्या

—

सोफिया, ११ जून

आत्या,

मडकं सुखरूप आलं. मोजा मी ठेवून घेतला. मडकं उघडल्यावर वासानंच शेजारच्या टेबलावरचा मुलगा उठून आला. नंबर पडला एकतीस.

दह्यात बघण्यासारखं काय असतं, हे तूच विचारलंस, आता ऐक. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये एक कापडवाला होता. कापडाचं सूत तपासायला भिंगं घासता घासता त्याला नाद लागला. एकदा त्यानं स्वतःच्या दातांवरचा मळ कोरून भिंगाखाली ठेवला, तर त्यात पोहणारी, गिरक्या घेणारी चिमुकली जनावरं. आपल्याकडे म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही. याचं नाव मात्र दात कोरूनच झालं.

पण दिसले म्हणजे हाती लागले असं नाही. दह्याच्या एका थेंबात कोट्यवधी असतात, सगळे एकमेकांत मिसळलेले. एकट्याला धरायचं कसं? जर्मनीतल्या कॉख नावाच्या डॉक्टरानं उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर पाहिलं की वेगवेगळे ठिपके उगवतात, आणि एका ठिपक्यातली सगळी एकाच आईची लेकरं असतात. पण बटाट्यावर सगळेच उगवत नाहीत. मग जिलेटिन वापरलं, तर ते उबेत वितळायचं. शेवटी अक्कल कुठून आली, तर स्वयंपाकघरातून. त्याच्या हाताखालच्या एका डॉक्टरच्या बायकोनं सांगितलं की माझ्या मुरंब्यात मी समुद्रातल्या शेवाळाचं अगार घालते, ते उन्हाळ्यातही वितळत नाही. आज जगभर तेच वापरतात. बाईचं नाव मात्र कमी लोकांना माहीत.

आता माझी फजिती. थेंबभर दही घ्यायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा पातळ करायचं, मग पातळ अगारात मिसळून झाकणाच्या काचेच्या बशीत ओतायचं आणि उबपेटीत ठेवायचं. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा बश्या कोऱ्या. एक ठिपका नाही. तोपालोवाबाई येऊन बघतात आणि जातात. बाकीच्यांच्या बश्यांत आभाळभर चांदण्या, आणि मी आजीचं दही मारून ठेवलं. हिरवं मडकं अर्धं संपलं. खरं सांगू, काल जिन्यात बसून रडले.

नेदा

—

द्र्यानदोल, १६ जून

नेदे,

जिन्यात रडणाऱ्या मुलीला आजीनं पहिल्यांदा काय विचारलं असतं? "दूध केवढं गरम होतं?" मीही तेच विचारते. ते तुझं अगार केवढं गरम होतं?

तू लहानपणापासून घाईची. दूध गार होईल म्हणून उकळतंच विरजण टाकायचीस आणि मग दही का लागलं नाही म्हणून रडायचीस. आता शेवाळाचं पाणी गोठेल म्हणून तेच करत असणार. उबेत वाढणारं पोर कढत पाण्यात घालून मारलंस, दुसरं काय?

आपली रीत ठाऊक आहे ना? उकळलेलं दूध खाली उतरवायचं. करंगळी बुडवायची आणि तीन मोजायचे. एक म्हणताच बोट ओढावंसं वाटलं तर थांब. तीनपर्यंत काहीच वाटलं नाही तर उशीर झाला. तीनला चावलं की विरजण घाल. आई डोळे मिटून करायची.

त्या मुरंबेवालीचं मला फार आवडलं. पुरुषांनी बटाटे चिरत बसायचं आणि बाईनं येता-जाता सांगून जायचं. तिचं नाव कळलं तर लिही, मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन.

आत्या

—

सोफिया, ४ जुलै

आत्या, आत्या, आत्या,

बशीत ठिपके आले!

तुझी करंगळी आत नाही बुडवली, त्याचं कारण सांगते. मी गंमत म्हणून कोऱ्या बशीवर धुतलेलं बोट नुसतं टेकवलं, दोन दिवसांनी बोटाच्या ठशाएवढी बाग उगवली होती, पिवळी, पांढरी, गुलाबी. तोपालोवाबाईंनी ती सगळ्यांना दाखवली. "ही नेदाची स्वच्छता." मी मेले लाजेनं. म्हणून बाटली बाहेरून मनगटाला लावली आणि तीन मोजले. तीनला चावलं, तेव्हा ओतलं.

दोन दिवसांनी उजेडासमोर धरली बशी. लोकरीचा बारीक पिंजलेला पुंजका असावा तसे ठिपके. त्यातला एक, फक्त एक, उचलायचा. प्लॅटिनमच्या तारेचं कडं ज्योतीत लाल करायचं, गार होऊ द्यायचं, झाकण नाकापुरतं तिरकं उचलायचं, श्वास आवरायचा, टिपायचं, उकळून गार केलेल्या दुधाच्या नळीत बुडवायचं, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, कापसाचा बोळा लावायचा. सगळं एका दमात.

मग रंगवणूक. काचपट्टीवर पुसट थर, ज्योतीवरून फिरवून वाळवलेला. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग दारूनं धुणं, शेवटी तांबडा. काही जीवाणू दारूनं जांभळा सोडतात आणि तांबडे होतात, काही सोडत नाहीत. आपले सोडत नाहीत. भिंगाखाली लांब, सडपातळ, गर्द जांभळ्या काड्या, एकेकट्या आणि सुबक. मी खुर्चीवरून उठायला तयार नव्हते. तोपालोवाबाईंनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हा घराणेदार आहे."

दूध पावणेतीन तासांत लागतं. बाकीच्यांना साडेतीन-चार. आंबटपणा थांबतो तिथे थांबतो, पुढे वाहवत जात नाही. बावन्न वर्षांपूर्वी आपल्या त्रन गावाकडचा एक विद्यार्थी जिनिव्हाला शिकायला गेला, घरचं दही भिंगाखाली ठेवलं आणि हा जीवाणू जगाला दाखवला. तेव्हापासून जीवाणूच्याच नावात बल्गेरिया आहे. आणि आज त्याच रांगेत आपल्या घरची काडी उभी आहे, आत्या.

वहीत लिहिलंय: नंबर ३१, मूळ घर सेव्दा गोगोवा, द्र्यानदोल. शाईनं.

आता एकच राहिलं. नियम असा की निवड पक्की करण्याआधी त्याच घरून दुसरं मडकं मागवून सगळं पहिल्यापासून करायचं. दोन्ही वेळा तोच निघाला की झालं. लगेच पाठव.

नेदा

—

द्र्यानदोल, ९ जुलै

नेदे,

तुझं पत्र मी पावाच्या रांगेत मोठ्यानं वाचलं. "घराणेदार" हा शब्द दोनदा. गावभर झालंय. शाळेचे मास्तर घरी येऊन हात मिळवून गेले, म्हणाले, सेव्दाताई, गावाचं नाव काढलंत. तुझ्या बापाला खाणीवर निरोप गेला, त्यानं उलट निरोप धाडला की पोरगी आत्यावर गेली. जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं.

केरा रांगेत होती. नाव कोणाचं लागलं म्हणून विचारत होती. लोकांना नसत्या पंचायती.

मडकं पाठवते. या वेळचं तपकिरी आहे. एकाच मडक्याची एवढी चौकशी का करतात? एकदा चांगलं निघालं ते निघालं. दुसऱ्यांदा काही एकोणीस-वीस झालं तर उन्हाळा आहे, हे बाईंना सांग.

आत्या

—

सोफिया, २६ जुलै

आत्या,

बरं नाही काही.

तपकिरी मडक्यातून तो आलाच नाही. भिंगाखाली आखूड, जाडसर काड्या, रंगही नीट धरत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये अंड्याच्या आकाराची मोठी मोठी यीस्ट, अंगावर कोंब फुटलेली. दूध लागायला पाच तास, वर बुडबुडे. मी तीनदा पुन्हा केलं. पहिल्यांदा वाटलं, हवेतून पडलं असेल. पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या बाटलीत रस्सा उकळून ठेवला होता. धूळ वाकणात अडकते, रस्सा महिनोन्महिने नासत नाही. बाटली तिरकी करून रस्सा वाकणाला लावला की नासतो. म्हणजे जे येतं ते कुठूनतरी येतं, आपोआप होत नाही. मीही तसंच शोधलं, कुठून आलं? पाण्याची कोरी बशी ठेवली, स्वच्छ. हवेची ठेवली, स्वच्छ. हातमोजे, तार, बोळे, सगळं स्वच्छ. जे काही आहे ते मडक्यातलंच आहे.

तोपालोवाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही मडकी एका घरची असतील, तर पहिल्या वेळी तुमच्या नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. कुणाचा तरी दुसऱ्याचा जीवाणू तुम्ही एकतीस म्हणून लिहिलात. चिठ्ठी चुकवणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेत ठेवता येत नाही." एकवीस ऑगस्टपर्यंत वेळ दिलाय. नंतर एकतीस निवडीतून जाईल, आणि मीही.

आत्या, मी चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. निदान मला तसं वाटतं. पण रोज रात्री अंथरुणात पडून ते दिवस आठवते आणि आता खात्री उरत नाही. चूक माझीच असणार. आजीचं विरजण तर नव्वद वर्षं बदललेलं नाही ना.

गावात कुणाला काही सांगू नकोस.

नेदा

—

द्र्यानदोल, ३० जुलै

नेदे,

तू चिठ्ठ्या बदलल्या नाहीस. मी बदलली.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी सहा वर्षं मूठ झाकली, आता तुझा जीव तिच्यात गुदमरतोय म्हटल्यावर उघडते. नीट वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझी आजी फेब्रुवारीत गेली. तू प्लोव्दिवच्या शाळेत होतीस, बर्फानं रस्ता बंद, तीन दिवसांनी पोचलीस. मरण झालं की घरातली भरलेली भांडी ओतून उपडी घालतात, तुला माहीत आहे. बायका आल्या, त्यांनी रीतीप्रमाणे सगळं ओतलं. पाणी, दूध, ताक. विरजणाचं मडकंही. मी आईच्या उशाशी बसले होते. बघत होते. कुणाला वेगळं काढून ठेवा म्हणायचं भानच नव्हतं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की या घरात आता आईचं दही नाही.

सुतक आहे त्या घरानं चाळीस दिवस विरजण मागायचं नसतं. नंतर मागता आलं असतं, पण तोंड कुठलं? गावात मिरवणारी मी. म्हणून आपल्या गावाला ज्या झाडाचं नाव, त्या द्र्यानाची कोवळी काडी कोमट दुधात घातली आणि काडीवरून नवं दही लावलं. लागलं. चव बरी होती. चाळिसाव्याला तेच वाढलं, आईचं म्हणून. आणि केरानं एक चमचा चाखून ते वाक्य म्हटलं.

ती खोटं बोलली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते, नेदे. खरं बोलली म्हणून अबोला धरला.

तू आजीचं विरजण मागितलंस तेव्हा एक दिवस मी काडीच्या दह्यासमोर बसून राहिले. ते कसं पाठवू? मग सहा वर्षांत पहिल्यांदा केराच्या दारात गेले. तिचं घर जळलं त्या वर्षी आईनं तिला आपलं विरजण दिलं होतं, हे मला माहीत होतं. "माझं नासलं, नेदासाठी हवंय," एवढंच म्हणाले. तिनं विचारलं नाही, टोमणा मारला नाही. हिरवं मडकं भरून दिलं; आपलं तपकिरी फुटलं नव्हतंच. ते तुझं एकतीस.

आणि वहीत माझं नाव लागू दिलं. पावाच्या रांगेत ती समोर उभी असताना "घराणेदार" दोनदा वाचलं. तिनं विचारलं, "नाव कोणाचं लागलं?" तेव्हा मी पिशवीत सुटे पैसे शोधत बसले. दुसऱ्यांदा मडकं मागायला कुठल्या तोंडानं जाणार? काडीचंच पाठवलं. वाटलं, दही ते दही, भिंगाला काय कळतंय? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि तुमच्याकडे तर कोंबड्याचं पीसन् पीस मोजतात.

माझी मान खाली आहे. पण तुझ्यासाठी ताठही आहे. सगळं जग म्हणतंय चूक तुझी, तुझी बशी म्हणत राहिली की नाही, दोन मडकी दोन घरची. तुझ्या हातानं माझं खोटं पकडलं. ज्या हाताला मी करंगळी शिकवली त्याच हातानं.

हे पत्र त्या बाईंना वाचून दाखव. नाव खोडायला सांग. आता मी केराकडे चालले आहे.

आत्या

—

द्र्यानदोल, २ ऑगस्ट

नेदा पोरी,

मी केरा. मला पत्र लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहिते.

मडकं पाठवते आहे. ड्रायव्हरला सांगितलंय, मांडीवर ठेव, खाली ठेवलंस तर तुझी खैर नाही.

तुझ्या आजीनं हे मला दिलं तेव्हा माझ्याकडे उंबरठासुद्धा उरला नव्हता. ती म्हणाली, केरा, यात दुसरं काही मिसळू नकोस, माझं कधी मोडलं तर तुझ्याकडून घेईन. सोळा वर्षं झाली. माझं स्वतःचं असतं तर मी कुठलंही मिसळलं असतं, बाजारातलंही. हे माझं नव्हतं. थंडीत फडक्यावर वाळवून उशाखाली ठेवलं, उन्हाळ्यात विहिरीत सोडलं. म्हणून जसं होतं तसं आहे. तेव्हा मी देत नाही, परत करते. विरजण दिलं की घरची बरकत जाते म्हणतात, परत केल्यानं जात नाही, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनाही सांग.

त्या दिवशी स्तानाबाईंचं मडकं ओतणाऱ्या बायकांत मी होते. ओतलं माझ्याच हातानं. मलाही नंतर सुचलं. मग तुझ्या आत्याला हळूच सांगायच्या ऐवजी मी चारचौघींत बोलून बसले. माझंही चुकलं.

सेव्दा परवा माझ्या दारात रडली हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगत नाही.

केराकाकू

—

सोफिया, २२ ऑगस्ट

आत्या,

आधी निकाल, मग बाकीचं. केराकाकूच्या मडक्यातून तोच निघाला. लांब, सडपातळ, गर्द जांभळा. पावणेतीन तास. लिटमस घातलेल्या दुधात तोच गुलाबी, त्याच वेळेला. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या माणसांनी करून पाहिलं, तोपालोवाबाईंनी स्वतः एकदा. मला माहीत असलेल्या एकाही परीक्षेत पहिल्या मडक्यात आणि या मडक्यात फरक दिसत नाही. काल निवड झाली. रोदोपीची डेअरी एकतीसवर चालणार. माझी नोकरी पक्की.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. "मी बदलली" पाशी मी अडखळले तेव्हा त्यांनी पत्र हातातून घेऊन पुढचं स्वतः वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "चुका झाकणारे मला रोज भेटतात. हिनं आपलं नाक कापून घेऊन माझी वही वाचवली." आणि मला म्हणाल्या की सगळे चूक म्हणत असताना तुम्ही बशीवर विश्वास ठेवला नाहीत, हे मात्र तुमचं चुकलं. पुढच्या वेळी ठेवा. आत्या, माझी अशी शोभा आयुष्यात कुणी केली नव्हती, आणि मला एवढं बरंही कधी वाटलं नव्हतं.

आता वहीचं. तू म्हणालीस नाव खोडा. प्रयोगशाळेच्या वहीत काहीच खोडत नाहीत, कागद फाडत नाहीत. चुकलेल्यावर एक सरळ रेघ मारतात, खालचं वाचता यायला हवं अशी. बाजूला खरं लिहितात आणि सही करतात. तशी रेघ मी मारली. आता तिथे असं आहे: मूळ घर स्ताना गोगोवा, द्र्यानदोल. सोळा वर्षं निर्भेळ राखलं, केरा चापानोवा. त्याच्या शेजारी तुझं नाव, एका रेघेखाली, स्पष्ट. शंभर वर्षांनी कुणी वही उघडली तर त्याला कळेल की इथे एक चूक होती आणि ती कुणीतरी स्वतःहून दुरुस्त केली. मला त्या पानाचा अभिमान वाटतो. तुझाही.

तुझ्या काडीचं दही उरलं होतं. मी पावाला लावून खाल्लं. आत जीवाणूंची जत्रा भरलेली आहे, पण चव छान आहे.

मुरंबेवालीचं नाव फॅनी. मेणबत्ती लाव.

नेदा

—

द्र्यानदोल, २३ सप्टेंबर

नेदे,

फॅनीची मेणबत्ती लावली. पाद्रीबाबांनी विचारलं कोण, म्हटलं नात्यातली.

मेरीमातेच्या सणाला चर्चच्या अंगणात दरवर्षीसारखी मेजं मांडली. प्रत्येक घरचं मडकं. मी तपकिरी मडकं नेलं. आदल्या दिवशी केराच्या हातानं विरजण घालून घेतलं होतं, माझ्या चुलीवर, माझ्या दुधात. करंगळी माझी, विरजण तिचं. दोघी तीन मोजायला लागलो आणि कुणी मोठ्यानं मोजायचं यावरून भांडलो, तेवढ्यात दूध गार होतं की काय अशी वेळ आली.

बायका जमल्या. मास्तरही होते. मी उभी राहिले. म्हटलं, सगळ्यांनी ऐका, पुन्हा सांगणार नाही. आईचं विरजण तिच्या मरणाच्या दिवशीच ओतलं गेलं. सहा वर्षं मी तुम्हाला काडीचं दही आईचं म्हणून खाऊ घातलं. सोफियाच्या वहीत नाव लागलंय ते आईचं आणि केराचं. माझ्या नावावर रेघ आहे आणि ती रेघ माझ्याच पोरीनं मारली आहे, अगदी सरळ. हे सांगताना मान खाली होती, पण शेवटच्या वाक्याला मान आपोआप वर झाली. सुंभ जळला तरी पीळ राहतोच, काय करू?

मी मडक्यावरचं फडकं सोडलं आणि चमचा केरापुढे धरला. चाळिसाव्याला बसली होती तशीच समोर बसली होती, त्याच बायका भोवती. तिनं कडेनं कापून एक चमचा घेतला, सावकाश खाल्ला, चमचा पुसला.

म्हणाली, "हे स्तानाआजीचं दही."

मग तिनं चमचा माझ्या हातात दिला, आणि सहा वर्षांनी मी आईच्या हातचं खाल्लं.

आत्या